मॉरीनची नणंद

मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. माझ्या सासऱ्यांना मी कधी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर चार शब्द सुनावल्याशिवाय सोडलं नसतं. डॉक्टर सदाशिव केशव टिपणीस. त्रेसष्ट साली कऱ्हाडहून इंग्लंडला आले. इथल्या हॉस्पिटलांना तेव्हा डॉक्टर हवे होते आणि यांना इथली डिग्री. मागे तरणी बायको आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा. चारेक वर्षं पत्रं आली, मग बंद. तार नाही, फोन नाही, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप नाही. चांगला शिकलासवरलेला माणूस गडप झाला.

तो दोन वर्षांचा मुलगा म्हणजे मोहन, माझा नवरा. लेस्टरच्या हॉस्पिटलातून कन्सल्टंट म्हणून रिटायर झाला, मी तिथेच फार्मसीत होते. आणि ती तरणी बायको म्हणजे माझ्या सासूबाई, सुमती. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, कितीतरी वर्षं आमच्याकडेच असतात. हार्ट थकलंय, पायांवर सूज असते, जिना चढवत नाही म्हणून त्यांची खोली खाली केलीय. पण सकाळी तोंड धुतलं की सगळ्यात आधी कुंकू. इथे बेलग्रेव्ह रोडच्या देशी दुकानांत टिकल्यांची इतकी पाकिटं मिळतात, ती नाहीत चालत. आधी बोटाने मेण, मग वर पिंजर, मग कडा नीट करायच्या. हात थरथरतो हल्ली, पण कुंकू वाकडं होत नाही.

मोहनचं मात्र एका गोष्टीवर अडलेलं होतं. लहानपणी पोरं चिडवायची, बाप मडमेच्या मागे पळाला म्हणून, ते त्याने सोसलं. त्याला बापाशी भांडायचंसुद्धा नव्हतं. त्याला फक्त एकदा मुलगा म्हणून बापाचं काहीतरी करायचं होतं. दर पितृपक्षात आईंना विचारायचा, "आई, आता तरी पान वाढू या का?" आणि दर वर्षी आई म्हणायच्या, "जिवंत माणसाचं श्राद्ध घालतात का रे?" बारा वर्षं पत्ता नसला की दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, क्रियाकर्म उरकतात, असं कऱ्हाडच्या गुरुजींनी पूर्वी सुचवलं होतं. आईंनी त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं. मग मोहनने तोंड उघडायचं सोडलं, पण त्या पंधरा दिवसांत तो दाढी करायचा नाही. मला दिसायचं ते.

शोध त्याने पुष्कळ घेतला. डॉक्टरांची रजिस्टरं, मतदारयाद्या, कुठली कुठली चर्चं. टिपणीस नावाचा माणूस या देशात नव्हताच. गेल्या वर्षी पेन्शनवाल्यांचं एक पत्र आलं, 'डॉक्टर मोहन सदाशिव' या नावाने. मोहन हसला, म्हणाला, आडनाव कापलं बघ माझं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "अरे, तुझं कापतात तर त्यांचं कापलं नसेल कशावरून? केशव शोधलंस का कधी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. एवढा हुशार माणूस, पण बापाला त्याच्या बापाच्या नावाने शोधायचं त्याला सुचलं नव्हतं.

या देशात माणूस मेला की त्याचं मृत्युपत्र कुणीही मागवून वाचू शकतं. वेबसाइटवर नाव टाकायचं. आम्ही केशव टाकलं. पुरुष एकही जुळेना. म्हणून मी बायका बघायला लागले, आणि निघालं: मॉरीन केशव, राहणार मेडनहेड, पाच वर्षांपूर्वी वारली. डॉक्टर एस. केशव यांची विधवा.

मृत्युपत्र छोटंसं होतं. घर भाच्याला, पियानो चर्चला. आणि मध्येच हे: 'माझे पती एक्क्याण्णव साली वारले. त्यांच्या अस्थी मी विखुरल्या नाहीत. भारतात कऱ्हाड गावी त्यांची एकुलती बहीण सुमती राहते, तिच्यासाठी त्या एका पेटीत ठेवल्या आहेत. तिच्या धर्माप्रमाणे त्या नदीत सोडण्याचा हक्क तिचा आहे. तिला शोधावं आणि त्या तिच्याच हाती द्याव्यात.'

मी तीनदा वाचलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण! लग्नाची बायको घरी व्रतं करत बसलीय, आणि या गृहस्थाने इकडे दुसरा संसार मांडून तिला बहीण करून टाकली! मी तोंडाला येईल ते बोलले. मोहन मात्र एकाच शब्दावर अडकला होता. "एक्क्याण्णव," म्हणाला. "अलका, मी सत्त्याऐंशीत आलो. पहिला जॉब स्लॉला होता. मेडनहेड शेजारी आहे गं, शेजारी. मी तिथे दाढीची ब्लेडं आणायला जायचो." मग टेबलावर डोकं टेकून रडला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला आनंद म्हणवत नाही, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे. "आता करता येईल," म्हणाला. "अस्थी आहेत. प्रीतिसंगमावर नेईन, कृष्णा-कोयनेत सोडीन, दहावं-बारावं सगळं रीतसर करीन." त्याच दिवशी त्याने कऱ्हाडला गुरुजींना फोन केला. तिकिटं बघितली. मिशी काढावी लागेल म्हणाला, आणि आरशात जाऊन मिशीवर बोट ठेवून बघितलं.

आईंना काय सांगायचं यावरून आमचं वाजलं. मोहनचं म्हणणं, बाबा गेले एवढंच सांगू, बहिणीचं कशाला? मी म्हटलं, ती बाई साठ वर्षं थापांवर जगली, आता आपण आणखी एक थाप मारायची होय? मीच सांगितलं शेवटी. आई मेथी निवडत बसल्या होत्या. हे गेले, केव्हा गेले, इथे लग्न केलं होतं, ती बाईही गेली, अस्थींची पेटी मागे आहे, सगळं सांगितलं. त्या निवडत राहिल्या.

"माझं नाव आहे त्यात?"

"आहे."

"काय म्हटलंय मला?"

मी म्हटलं, "बहीण."

आईंनी जुडीचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "पेटी कुठेय?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंकू लावलं नेहमीसारखंच. मी बघत होते. मोहनही दारातून बघत होता. मी हळूच म्हटलं, "आई, आता..." त्या म्हणाल्या, "अस्थी डोळ्यांनी बघू दे आधी. कागदाचा काय भरवसा." तेही खरंच होतं.

मॉरीनच्या भाच्याला आम्ही फोन केला. ग्रॅहम नाव, सत्तरीचा, बोलायला अतिशय सज्जन. "ओ थँक गॉड," म्हणाला. कऱ्हाडला दोनदा पत्रं घातली होती म्हणे त्याने, सुमती केशव या नावाने. ती कोणाला मिळणार, कप्पाळ! पेटी त्याच्याच घरी होती. "आँटीने मला शपथच घातली होती, अंकल सॅडच्या बहिणीच्याच हातात दे म्हणून. मिसेस सुमती येऊ शकतील का स्वतः?" मोहन म्हणाला, येतील. बहीण नाही, बायको, हे फोनवर नाही बोलला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "समोरासमोर सांगीन. मी त्यांचा मुलगा आहे, असं त्याच्या डोळ्यांत बघून सांगीन. मग त्याला काय करायचं ते करू दे."

"आणि नाही दिली पेटी तर?"

"तरी सांगणार."

आमची लेक अन्वी रीडिंगला असते, सॉफ्टवेअरमध्ये. मेडनहेड तिथून जवळ, म्हणून आदल्या दिवशी तिच्या फ्लॅटवर गेलो. तिला सगळं साधं सोपं वाटत होतं. "आजी त्याचा वाइफ होता ना? मग जस्ट से इट. त्या ग्रॅहमला पण ट्रुथ कळला पाहिजे." आई तिच्या केसांवरून हात फिरवत बसल्या होत्या. मोहन बाल्कनीत उभा राहून पुटपुटत होता. मी कान दिला तर इंग्रजीत तेच एक वाक्य, आय ॲम हिज सन. एवढ्या मोठ्या वॉर्डराउंड घेतलेला माणूस, या चार शब्दांची तालीम करत होता.

ग्रॅहमचं घर नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. त्याने आईंची व्हीलचेअर उंबऱ्यावरून स्वतः उचलून घेतली. चहा, बिस्किटं. आईंनी हिरवी इरकल नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अगदी फोटोसारख्या आहात."

"कसला फोटो?" मी विचारलं.

त्याने शेल्फवरून काढून आणला. चांदीच्या फ्रेममध्ये. कऱ्हाडच्या स्टुडिओतला. आई खुर्चीत, गळ्यात मंगळसूत्र, मांडीवर टोपडं घातलेला मोहन. सासरे निघाले त्या महिन्यातला असणार. "हा आँटीच्या मँटलपीसवर असायचा," ग्रॅहम म्हणाला. "मी लहानपणापासून बघतोय. अंकल सॅड रोज स्वतः पुसायचे. माय सिस्टर अँड हर बॉय, म्हणायचे. फार जीव होता त्यांचा तुमच्यावर. धाकटी एकुलती बहीण माझी, म्हणायचे." मग मंगळसूत्राकडे बोट केलं. "सेम नेकलेस! किती सुंदर, तुम्ही अजून घालता!"

मला ओरडावंसं वाटत होतं. अरे शहाण्या, तो नेकलेस त्या माणसाने स्वतःच्या हाताने बांधलाय! पण मी मोहनकडे बघितलं. त्याने फोटो हातात घेतला होता आणि टोपड्यातल्या मुलाकडे बघत होता. बाप रोज पुसायचा ती काच. रोज बघायचा त्याला.

ग्रॅहम आत गेला आणि पेटी घेऊन आला. लाकडी, साधी, पितळेची पट्टी. ती त्याने आईंच्या समोरच्या टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही वरून. डोळे भरले होते त्याचे. "यांनी मला गाडी चालवायला शिकवली," म्हणाला. "फिशिंग शिकवलं. त्यांना मूल नव्हतं ना, मग मीच त्यांचा मुलगा." मग आईंकडे वळून, जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा, "माझ्या मनाच्या समाधानासाठी फक्त विचारतो. तुम्ही त्यांची बहीण ना? युअर ब्रदर, यस?"

मोहन उभा राहिला. त्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"यस," आई म्हणाल्या. स्पष्ट. "माय ब्रदर. आय सिस्टर."

आणि दोन्ही हात पुढे केले.

ग्रॅहमने पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खाली वाकून त्यांच्या गालाला गाल लावला. मग उठून मोहनचा हात हातात धरला. "म्हणजे तू तो छोटा मुलगा! आपण दोघेही त्यांचे नेव्ह्यू, बघ ना!" मोहनचं तोंड उघडंच होतं. पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. त्याने मान हलवली. हो म्हणाला. माझ्यादेखत माझ्या नवऱ्याने हो म्हटलं.

गाडी मोहन चालवत होता. आई मागे, पेटी मांडीवर, पदर वर टाकलेला. मी त्यांच्या शेजारी. एम-फोर हायवे लागल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही.

"का आई? का म्हणालात असं? मोहन सांगणार होता ना?"

"त्या बाईने इतकी वर्षं कपाटात जपून ठेवलं माझ्यासाठी," आई म्हणाल्या. "मेलेल्या बाईला आता रखेल ठरवू? तिने काय पाप केलं?"

"आणि तुम्ही? तुम्ही काय पाप केलं होतं?"

त्या बाहेर बघत राहिल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. त्या माणसाचा, त्या भोळ्या गोऱ्याचा, की या शेजारी बसलेल्या दगडाचा.

अन्वीच्या फ्लॅटवर पोचलो. पेटी गाडीच्या डिकीत ठेवायला सांगितली आईंनी, घरात नको. मग मला म्हणाल्या, "अलका, पाणी काढ. डोक्यावरून आंघोळ करायचीय."

अन्वीकडे बादलीच नाही, नुसता शॉवर. शेवटी फरशी पुसायची बादली घासून घेतली आणि किचनमधला मेझरिंग जग घेतला. आईंना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. जगाने पाणी घालत होते त्यांच्या डोक्यावर. पांढरे केस मानेला चिकटले. कुंकू ओघळलं, नाकावरून हनुवटीपर्यंत लाल रेघ आली, मग धुऊन गेली. ते रिकामं कपाळ मी पहिल्यांदाच इतकं जवळून पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता मंगळसूत्र काढायला सांगतील. बांगड्या उतरवायला सांगतील. मी साबण हाताशी घेऊन ठेवला, बांगड्या निघायला सोपं जावं म्हणून.

"पूस अंग," आई म्हणाल्या. "झालं."

"आई, दहा दिवस सुतक धरायचं ना? नवऱ्याचं केव्हाही कळलं तरी..."

"नवऱ्याचं दहा दिवस. भावाचं वर्ष उलटून गेल्यावर कळलं, तर लग्न झालेल्या बहिणीला नुसती आंघोळ. झाली आंघोळ."

मी टॉवेल हातात धरून उभीच राहिले. आता कळलं मला. त्या शब्दाचं काय करायचं, हे या बाईने मेथीच्या जुडीपाशीच ठरवलं होतं. साठ वर्षं जे सांभाळलं, ते पुसायची पाळी येणार नाही अशी एक वाट त्या माणसाने स्वतःच, नकळत, करून ठेवली होती. भावासाठी कुणी कुंकू पुसत नाही.

साडी नेसवून त्यांना बाहेर आणलं. मोहन सोफ्यावर बसला होता. तेवढ्या वेळात त्याने मिशी काढली होती, अन्वीच्या गुलाबी रेझरने. वरचा ओठ कापला होता, कागदाचा तुकडा चिकटवलेला. बिनमिशीचा तो टोपड्यातल्या मुलासारखाच दिसत होता. त्याने फोन पुढे केला.

"आई, गुरुजींना वेळ आहे पंधरा तारखेनंतर. तिकिटं काढू ना?"

"काढ की. संगमावर सोडून ये."

"आणि दहावं? बारावं?"

आईंनी पिशवीतून करंडा काढला. अन्वीने आरसा धरला, आजी तयार होतेय म्हणून हसत हसत. आईंनी बोटावर मेण घेतलं, कपाळावर टेकवलं.

मोहन उठून त्यांच्यासमोर खाली बसला, जमिनीवर, मांडी घालून. कागदाच्या तुकड्यातून रक्त वर येत होतं. "आई, माझ्याकडे बघ. संकल्पात नातं सांगावं लागतं. गुरुजी विचारतील, कोणाचं करतोयस? काय सांगू मी?"

आई आरशात बघत होत्या. हात अजिबात थरथरत नव्हता. पिंजर लावली, बोट गोल फिरवून कडा नीट केल्या.

"मामाचं," आई म्हणाल्या, आणि करंड्याचं झाकण लावलं.